विसाव्याचा दगड

फोपनारच्या अलीकडे, बुऱ्हाणपूरहून येणाऱ्या रस्त्याला लागून आमचं केळीचं शेत होतं. शेताच्या कोपऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, कोसाचा जुना दगड उभा होता. छातीइतका उंच, काळा. एका अंगाला झिजलेली फारसी अक्षरं, दुसऱ्या अंगाला मागाहून कुणी कोरलेला इंग्रजी आकडा. त्यावरून अंतर वाचणारं कुणी उरलं नव्हतं. गावाला तो दगड वेगळ्याच कामाला लागायचा. नदीकडे निघालेली तिरडी तिथे खाली टेकवत, खांदेकरी बदलत. बायका तिथवर येत आणि तिथूनच माघारी वळत. पुढे जायची आम्हाला मुभा नव्हती.

माझे वडील गेले तेव्हा आईनं त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दगडापाशी. त्यानंतर शेतात येता-जाता ती दगडावर पाण्याचा हात फिरवायची. कधी बोलली नाही त्याबद्दल.

आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच सुमारास आमचा रस्ता रुंद करून डांबरी करायचं ठरलं. मजुरांची टोळी आली, ओव्हरसियर आला. त्यानं दगडावर चुन्याची फुली मारली.

आई बांधावरून धावत गेली. "साहेब, ह्याला हात लावू नका."

"बाई, ऊपर से हुकुम है. जुने पत्थर सगळे फोडून खडी करायची. नवीन पत्थर लागणार, हिंदी आकड्यांचे."

"आमची माणसं इथं टेकतात."

त्याला ते कळलं नाही. मग थोरल्या भावानं, दादानं, समजावून सांगितलं. ओव्हरसियरनं कचेरीत अर्ज करून बघायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी दादा सायकलनं बुऱ्हाणपूरला कचेरीत जाऊन आला. तिथला कारकून म्हणाला, अर्ज हिंदीत लिहा, मराठी आता इथं चालत नाही. दादानं वहिनीकडून तो हिंदीत लिहून घेतला, कारण तिचं शिक्षण हिंदी शाळेतलं. उत्तर आलं नाही. टोळी मात्र जवळ जवळ येत गेली.

शेवटी ओव्हरसियरच एकदा बांधावर उभा राहून दादाला म्हणाला, "भैया, आमची टोळी पोचायच्या आत खेचून तुमच्या खेतात घ्या. मी काही देखलं नाही."

वहिनीला ते पसंत नव्हतं. "दगडासाठी कशाला जीव काढता? दुसरा बसवा की विसाव्याला."

दादा आईकडे पाहून म्हणाला, "होऊन जाईल. एका दुपारचं काम."

शेजारच्या शेतातले काका बैलजोडी घेऊन आले. दादानं भोवतीनं खणायला घेतलं. दगड जितका वर होता तितकाच जमिनीत होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. खड्डा खोल गेला. दोर बांधले, बाभळीचे ओंडके खाली घातले. बैल ओढायला लागले तसा दगड हलला. आई आणि मी केळीच्या सावलीत उभ्या होतो. दादा खड्ड्यात उतरून ओंडका सरकवत होता. दोर तुटला. आवाज फार मोठा झाला नाही. काकांची हाक मात्र अजून माझ्या कानात आहे.

मांडीपासून खाली दादाचा पाय दगडाखाली होता. टोळीतले मजूर पहारी घेऊन धावत आले, त्यांनीच दगड उचलला. बैलगाडीतून बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत दादा शुद्धीवर होता. वाटेत त्यानं विचारलं, "फुटला तर नाही ना?"

शेजारी बसलेल्या वहिनीनं तोंड फिरवलं.

पाय कापला, पण जखमेतलं विष वर चढलं होतं. दादा घरी आला तो तिरडीवर जाण्यासाठीच.

दगड अजून खड्ड्याच्या काठावर आडवा पडलेला होता. अंत्ययात्रा तिथे पोचली तेव्हा काका खांदेकऱ्यांना म्हणाले, "इथं नको. पुढं चला, नदीच्या पुलापाशी टेकवू."

आई पुढे झाली. "इथंच ठेवा."

"वहिनी, अहो, ह्या दगडानंच..." काका आईला म्हणाले.

"पुलापर्यंत मला येऊ देणार का?"

खांदेकरी थांबले. दादाला तिथेच खाली ठेवलं. माझी वहिनी मात्र दगडाकडे पाठ करून उभी राहिली आणि कडेवरच्या मुलीचा चेहरा तिनं पदराखाली झाकला.

दिवसकार्य झाल्यावर वहिनीचे भाऊ तिच्या माहेरून, तुकईथडहून, गाडी घेऊन आले. निघताना ती आईच्या पाया पडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाला तुमचा माणूस आठवायचा होता. माझा होता तो गेला." नातीला जवळ घ्यायला आईनं हात पुढे केले, पण गाडी चालू लागली होती.

पुढे ओव्हरसियरनं कुणाला न विचारता आपल्या माणसांकडून तो दगड आमच्या बांधाच्या आत उभा करून दिला. डोक्यावरची टोपी काढून थोडा वेळ थांबला आणि गेला. आई त्या दिवशी घराबाहेर आली नाही. दगडावर पाण्याचा हात फिरवणंही तिनं सोडलं.

माझं लग्न होऊन मी बुऱ्हाणपूरला गेल्यावर, एकदा मुलांना घेऊन माहेरी आले असताना, जुन्या दगडांची पाहणी करत हिंडणारा एक सरकारी माणूस शेतात आला. त्यानं अक्षरांवरची माती पुसली, फोटो घेतला, खूश झाला. मग रस्त्याकडे बघत विचारलं, "ये यहाँ खेत में कैसे आया?"

"रस्ता रुंद होताना आत घेतला," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "फिर तो बेकार है. जागेवरून हलवला की त्याची नोंद होत नाही. असली जगह छूट गई ना."

आईनं त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर तिनं मला विचारलं, "काय म्हणत होता?"

"म्हणाला, फार जुना आहे."

हिंदी आईला चांगली कळत असे. मग तिनं तांब्या उचलला, उरलेलं पाणी केळीच्या आळ्यात ओतलं आणि म्हणाली, "चल, पोरांना भूक लागली असेल."