नववी पेशी

माणसांना अहोजाहो करणारे भोरात पुष्कळ होते; जंतूंना अहोजाहो करणारे आमच्या हायस्कुलातले शास्त्राचे सर एकटेच. जंतूही साधासुधा नव्हे. ऑक्टोपसच्या मूत्रपिंडात राहणारा, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारा. समुद्र घाटाखाली, आपण घाटावर, आणि ध्यास घ्यायचा तो याचा! श्रीवर्धनचा एक कोळी बर्फात घातलेला ऑक्टोपस अधूनमधून महाडमार्गे एसटीने धाडी, की सर शाळा सुटताच स्टँडवर हजर. "सर, लई वास मारतोय ह्यो. फुडल्या खेपेला अर्धं तिकीट फाडनार म्या," कंडक्टर कुरकुरे. "फाडा ना, पण त्यांना खिडकीची जागा द्या," सर गंभीरपणे सांगत.

गुंजवण्याच्या एका पालकांनी विचारलं, "ह्या किड्यानं मानूस मरतो व्हय?"

"छे हो, ऑक्टोपससुद्धा मरत नाही."

"मंग कशापायी एवढा खटाटोप?"

सरांनी त्यांना बाकावर बसवून तासभर समजावलं. त्या बिचाऱ्यांची गाडी चुकली.

हा जंतू जगाला नवा आहे, अशी सरांची खात्री होती. ओळखीच्या जातीच्या डोक्याशी पेशी आठ, याच्या नऊ. सगळी मदार त्या नवव्या पेशीवर. शास्त्रीय मासिकाला पाठवायच्या लेखासाठी सूक्ष्मदर्शकात बघून आकृत्या काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी चित्रकलेचा मास्तर. त्या झकास उतरल्या आणि सरांनी न मोजताच पाठवल्या. चार महिन्यांनी संपादकांचं पत्र आलं: लेखात पेशी नऊ, आकृतीत आठ. आठच असतील तर ही जुनीच जात. खुलासा करावा.

सर पत्र घेऊन माझ्या घरी आले. आता बोलणी खावी लागणार, अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "मास्तर, माझंच मोजायला चुकलं. तुमची नजर पक्की. लेख मागे घेतो." सूक्ष्मदर्शकाखालची काच पुन्हा बघण्याचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तीन वर्षांची मेहनत हा माणूस माझ्या एका चित्रापायी सोडायला निघालेला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, नऊच होत्या. डावीकडे चार, उजवीकडे पाच बरं दिसेना, म्हणून एक मी गाळली."

ते पोट धरून हसले. "अहो, त्यांना रांगोळीत बसवलंत होय तुम्ही?"

दोन दिवस शेजारी बसून, एकेक पेशी मोठ्याने मोजत त्यांनी नवी आकृती काढून घेतली. लेख छापून आला, नवी जात मान्य झाली, आणि आकृतीखाली त्यांनी आठवणीने माझं नाव घातलं.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर त्यांनी तो लेख हसत हसत फाडून टाकला असता, आणि माझ्या नजरेचं कौतुक करत राहिले असते. माझ्यावर इतका विश्वास पुन्हा कुणी ठेवला नाही.