भट्टीचा वैल

प्रमिला खरात कुणाच्याही घरात शिरली की माणसांना नमस्कार करण्याआधी वस्तूंना हात लावायची. तोही तळहात नव्हे, हाताची उलटी बाजू, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. आमची वरची खोली भाड्याने बघायला आली तेव्हा मी चहा टाकला होता. खोली राहिली बाजूला, ही थेट स्वयंपाकघरात आली, शेगडीमागच्या भिंतीला उलटा हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, चहा दोन कपाचा अन् जाळ लग्नाच्या पंगतीचा. निम्मा गॅस तर ही भिंतच खाऊन राह्यली."

मी शाळेत भूगोल शिकवते. माझ्याच स्वयंपाकघरात येऊन मला कुणी शिकवलेलं आजतागायत खपलेलं नाही. "खोली वर आहे," मी म्हणाले. ती हसली, वर गेली आणि पुढे कित्येक वर्षं वरच राहिली. तिच्यासमोर मी जाळ लहान ठेवायची. तिची पाठ वळली की मोठा करायची.

जालन्यात लोखंडी सळईचे कारखाने किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. भट्टीत लोखंडाचे ठोकळे लालबुंद तापवायचे, मग रुळांमधून दाबून लांबवत न्यायचे, की झाली सळई. प्रमिला इंजिनिअर होती आणि तिचं काम या भट्ट्या तपासायचं. कोळसा किती जातो, धूर किती निघतो, धग कुठून निसटते, हे शोधून ती मालकांना सांगायची. मालकांना ती नकोशी असायची, कारण ती आली की काहीतरी दुरुस्त करावं लागे. "धग म्हंजे वयात आलेली पोर, ताई. दार उघडं दिसलं की पळालीच," असं ती म्हणायची आणि वर, "तुमच्या भूगोलात येतं का हे?" असं मला डिवचायची.

माझ्या भूगोलावर तिचा दातच होता. नववीच्या वर्गाला हरितगृह वायू शिकवायचे म्हणून मी एकदा अंगणात बसून टाचण काढत होते. तिने पुस्तक उचललं, ते पान वाचलं आणि परत ठेवलं. "बराबर हाय सगळं," म्हणाली, "पण ह्यात धूर हाय, खोकला न्हाई."

खोकला तिने तिच्या गावी, हसनाबादला घरात ऐकला होता. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात राबून आली की कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर स्वयंपाक करायची. चुलीला शेजारी जोडून वैल असायचा. मुख्य जाळावर भाकरी, आणि उरलेली धग आपसूक वैलाकडे जायची, तिथे डाळ शिजत राहायची. एका जाळणात दोन कामं. तरी घर धुराने भरायचंच. आई खोकत खोकतच गेली, आणि गावात ज्यांच्या घरी गॅस आधी आला त्यांच्या बायका अजून धडधाकट आहेत, हे प्रमिला कधी विसरली नाही. "धूर वाईटच, पण गरिबी धुरापेक्षा वाईट. दोन्ही एकदम कमी करायचं तर काय करायचं, तेवढंच मी शोधून राह्यले," असं ती एकदा म्हणाली. इतकं सरळ ती क्वचित बोलायची.

शहराबाहेरच्या एका शेठच्या कारखान्यात एक जुनी कोळशाची भट्टी होती. तिच्या धुराड्यातून काळाकुट्ट लोट निघायचा. प्रमिलाने या शेठचा पिच्छा पुरवला. धुराड्यातून वाया जाणाऱ्या धगीवर, भट्टीत जाणारी हवा आधीच तापवून घेता येते. त्यासाठी नळ्यांची एक जुळणी बसवावी लागते आणि मग कोळसा बराच कमी लागतो. त्या जुळणीचं खरं नाव जडजंबाळ आहे. प्रमिला तिला भट्टीचा वैल म्हणायची, आणि कारखान्यातली माणसंही तेच म्हणायला लागली. शेवटी शेठ वैतागले आणि वैल बसला. त्या दिवशी प्रमिला राजूरच्या गणपतीपुढचे पेढे घेऊन आली. "तू कधीपासून गणपतीला जायला लागलीस?" मी विचारलं. "मी कशाला जाईन? शेठ गेल्ते. कोळसा वाचला म्हणून नवस फेडला त्यांनी. मी केलं, अन् नाव गणपतीचं!" असं म्हणत तिने दोन पेढे खाल्ले.

मग शेठनी नवी गॅसवरची यंत्रं आणली आणि जुनी भट्टी विकायला काढली. गिऱ्हाईक मिळालं थेट टांझानियाचं. तिथल्या एका गावाजवळ सळईचा कारखाना निघणार होता. हे कळलं तेव्हा प्रमिला जेवली नाही. "इथं नकोशी झाली म्हणून तिकडं पाठवून राह्यले. आपला उकिरडा दुसऱ्याच्या दारात," एवढंच बोलली.

भट्टी बघायला तिकडून जोसेफ नावाचा इंजिनिअर आला. पुण्यात शिकलेला, त्यामुळे हिंदी बऱ्यापैकी बोलायचा. प्रमिला त्याला आमच्याकडे जेवायला घेऊन आली, आणि तिचा हेतू मला चांगला ठाऊक होता. ज्वारीची भाकरी आणि पिठलं त्याच्या पानात वाढता वाढता ती त्याला सांगत होती की ही भट्टी घेऊ नका, नवी घ्या, ही फार धूर करते. तो ऐकत होता, जेवत होता. जेवण झाल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. आमच्या गच्चीच्या खांबांतून सळया वर आलेल्या आहेत, गंजून तांबड्या झालेल्या. जालन्यात निम्म्या घरांवर असतात तशा. जोसेफने विचारलं, "ये किसलिए छोड़ा है?"

"ऊपर का मंज़िल कभी बनाना हो तो," मी म्हणाले.

त्याने एका सळईला हात लावला. मग हसून, अगदी सौम्यपणे म्हणाला, "दीदी, आप लोग ऊपर की मंज़िल के लिए सरिया छोड़कर रखते हो. हमारे गाँव के स्कूल में नीचे की ही बाकी है. ये सरिया जब बना, तब धुआँ नहीं निकला था?"

प्रमिलाने त्याच सळईला उलटा हात लावला आणि तसाच ठेवला.  मला वाटतं, तो प्रश्नच तिला पुढे कुठल्या कुठे घेऊन गेला.

त्यानंतर तिने भट्टीला विरोध करणं सोडलं. जायचीच आहे तर नीट जाऊ दे, म्हणाली. भट्टी उचलायच्या दिवशी मीही तिच्याबरोबर कारखान्यात गेले. भट्टीच्या लोखंडी भागांना नवा रंग लावला होता, गाडीवर नारळ फोडला होता, हार घातला होता. सगळं होतं, वैल नव्हता. नळ्यांची ती जुळणी सोडवून एका कोपऱ्यात ठेवलेली होती.

"शेठजी, वैल राह्यला की," प्रमिला म्हणाली.

"मॅडम, सौदा भट्टीचा झाला. वैल आपला हाय. इथं नव्या यंत्राला कामाला येईल."

"आवो, त्याच्याबिगर ती भट्टी कोळसा पिऊन टाकंल! तुम्हीच तर नवस फेडला न् ह्याचा!"

शेठ माणूस वाईट नव्हते. ते जोसेफकडे वळले आणि वैल वेगळा विकत घ्यायचा का ते त्यालाच विचारा म्हणाले. जोसेफ अवघडला. तिकडे पावसाआधी सळई निघायला हवी होती, माणसं कामाला घेऊन बसवली होती. नळ्यांचा वेगळा सौदा करून त्या बांधेपर्यंत थांबलं तर बंदरावरची बोट चुकणार. "मॅडम, अभी चलने दो. बाद में देखेंगे," म्हणाला. प्रमिला त्या नळ्यांपाशी जाऊन उभी राहिली. चूल निघाली होती आणि वैल इथेच राहणार होता. आम्ही रिक्षाने परत आलो. घराशी उतरताना प्रमिला म्हणाली, "नंतर बघू म्हणतेत ना, ते नंतर कुणीच बघत न्हाई, ताई. मी जाऊन येते."

"किती दिवस?"

"वैल बसेपर्यंत. जल्दी येते."

ती गेली. तिच्या खोलीला तिने कुलूप लावलं नाही, किल्ली माझ्याकडे दिली नाही, नुसती कडी घातली. माझी फार चिडचिड झाली. भांडायला कुणी नाही म्हणजे काय, हे ज्यांचं भांडण रोजचं आहे त्यांनाच कळेल. जाळ वाट्टेल तेवढा मोठा करायची मुभा मला मिळाली होती आणि त्यात मुळीच मजा नव्हती. संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळायची. कधी वरची पाण्याची टाकी बघायला आलेला माणूस असायचा, कधी मांजर.

रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे बायांना आदराने मामा म्हणतात, हे तिने मला फार आनंदाने सांगितलं. "माझ्या भाच्यांना सांगा, त्यांची आत्या आता मामा झाली." कारखान्याच्या आवारातले जुने पाइप, तिथले दोन वेल्डर आणि हिची जीभ, एवढ्या सामानावर तिने वैल उभा करायला घेतला. पहिला फुटला. दुसऱ्यात धूर उलटा आला. मधे पावसाने हसनाबादला दडी मारली आणि तिच्या भावाची सरकी, म्हणजे उभी कपाशी, करपली. त्या रविवारी ती फोनवर म्हणाली, "हा पाऊस कुणाच्या धुरानं नेला, कसं सांगावं? आपल्याच जालन्याच्या असंल. ह्या लोकांनी तर आत्ता कुठं चूल पेटवली."

अखेर वैल बसला. तिने फोन फिरवून मला धुराडं दाखवलं. वर विरळ, राखाडी रेघ होती आणि खाली वेल्डर नाचत होते. जोसेफच्या गावातल्या शाळेच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, त्याही दाखवल्या. माझा जीव भांड्यात पडला. दसऱ्याला येते म्हणाली. यंदा तिला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं आणि त्याआधी चार दिवस माझ्याकडे राहायचं होतं. मी तिची खोली झाडली, गादीला ऊन दिलं. कधी नव्हे ते तिच्या आवडीचं ठेच्याचं लोणचं घातलं, जे मला स्वतःला अजिबात आवडत नाही.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला. चेहरा उतरलेला होता. वैलामुळे कोळसा इतका वाचला की कारखाना चांगला चालू लागला, आणि मालकांनी शेजारीच दुसरी भट्टी घालायचं ठरवलं. तीही जुनीच, कुठून तरी आणलेली, आणि तिला वैल नाही.

"आता सांगा ताई, मी जिंकले का हारले? एकीचा धूर कमी केला म्हणून दुसरी पेटून राह्यली. अन् वाईट म्हणावं तर म्हणवत न्हाई. गावातली पंचवीस-तीस पोरं तिथं कामाला लागतील. त्यांच्या आया माझे हात धरून गेल्या काल."

"मग?"

"तिकीट काढलेलं हाय. जोसेफ म्हणतो, थांबा, पायापासूनच वैल धरून बांधू. मला काही सुधरंना. घरची लई आठवण येती, ताई. तुमची बी येती." तिने डोळे पुसले. ती रडते हे मला तोवर माहीतच नव्हतं. "तुम्ही सांगा. येऊ का थांबू? तुम्ही म्हणाल तसं."

माझ्या मनात एकच शब्द होता, ये. तो ओठांवर आला होता, देवाशपथ. पण मला तिची आई दिसली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. चुलीपुढे बसलेली, खोकणारी. आणि तिकडच्या त्या आया दिसल्या, पोरांना पगार लागणार म्हणून हिचे हात धरणाऱ्या. मी म्हणाले, "थांब. बिनवैलाची पेटवू देऊ नकोस. लोणचं काही नासत नाही."

ती हसली, फोन ठेवला आणि थांबली. त्यानंतर दुसरा दसराही होऊन गेला. आता तिसऱ्या भट्टीचं काढलंय म्हणतात, दुसऱ्या गावात, आणि तिथल्या लोकांनी आधीच सांगून ठेवलंय की मामा येणार असेल तरच पाया खणू. मला अभिमान वाटतो, आणि वाटतं की अभिमान घेऊन मी करू काय, संध्याकाळचा चहा तर एकटीलाच प्यायचाय. इतक्या वर्षांत माझं एक अक्षर न ऐकणारी ही बाई. नेमकं तेवढंच कसं ऐकलं तिनं?