आवाजाचं काम नसलेली सभा

आमचे हे रोज संध्याकाळी पिऊन घरी येऊ लागले, तेव्हा देवीपुढे दिवा लावताना माझ्या मनात एकच प्रश्न यायचा. ज्या माणसाला तू जन्मापासून ऐकू दिलं नाहीस, त्याच्यामागे आणखी हे कशाला लावलंस? तुळजाभवानी आमची कुलस्वामिनी. लातूरकडून पुण्याजवळ रहाटणीला बिऱ्हाड आणलं, तेव्हा भांड्यांच्या आधी देवघर मांडलं होतं. श्रद्धा गेली नव्हती, पण त्या दिवसांत ती रुसून बसली होती.

हे चाकणला एका कारखान्यात मशीनवर आहेत. कामाला चोख. शिफ्ट सुटल्यावर तिथले चारजण प्यायला बसायचे, त्यांच्यात हेही बसू लागले. ग्लास हातात असला की बोलावं लागत नाही, लोक पाठीवर थाप मारून जवळ करतात. कारण इतकंच असेल, असं मी धरून चालले होते. मग एकदा हे सकाळीच पिऊन मशीनवर उभे राहिले. सुपरवायझरनं धावत येऊन मशीन बंद केलं म्हणून हात वाचले. ज्या माणसाचं सगळं बोलणं हातांत आहे, त्याचे हात जाणं म्हणजे काय, ते दुसऱ्याला सांगून समजायचं नाही.

मी ह्यांना घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात गेले. तिथले समुपदेशक भले गृहस्थ होते. सगळे गोल करून बसायचे आणि एकेकजण आपली कहाणी सांगायचा. मी ती ह्यांना खुणांनी सांगायची. ह्यांची पाळी आली की हे माझ्याकडे बघायचे आणि हात मांडीवर ठेवून गप्प राहायचे. बायकोच्या तोंडून कुठला नवरा आपलं मन मोकळं करील? पण मला ते तेव्हा उमगलं नाही. ह्यांना सुधारायचंच नाही, असं वाटून मी चिडले. पुढे हे यायचेच थांबले. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या फोनवर चालणाऱ्या सभाही मी शोधून पाहिल्या. तिथे कॅमेरे बंद आणि नुसते आवाज.

एका मंगळवारी ह्यांना बळंच सोबत घेऊन देवीच्या देवळात गेले. ओटी भरली आणि मनात म्हणाले, "आई, माझी अक्कल चालली तिथवर मी धावले. आता तू बघ." रागानं नाही म्हणाले, थकून म्हणाले. हे दाराशीच उभे होते. प्रसाद घ्यायला या, म्हणून मी सभामंडपातून खूण केली. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या एका वयस्कर बाईंनी हात उचलले आणि ह्यांना खुणांनीच विचारलं, "जेवलास का?" हे दचकले आणि मग चक्क हसले. कित्येक महिन्यांत मी ते हसू पाहिलं नव्हतं.

"माजा धाकटा भाऊ बी असाच हाय," त्या मला म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "मालक पित्यात व्हय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डोळं सांगत्यात की. भाऊ बी लई प्यायचा. जमीन हाय, घर हाय, पर बोलायला कोण न्हाई. आता दारू सोडल्याल्या अशाच मुक्या लोकांची मोबाईलवर सभा असती, तितं बसतो. समदी हातानंच बोलत्यात. आवाजाचं कामच न्हाई."

"मला शेजारी बसावं लागेल का?"

"छ्या! बायकूला तर बसूच देत न्हाईत."

त्या तळवड्याच्या. भाचीकडे आल्या होत्या, न्यायला येणाऱ्या भाचजावयाला उशीर झाला म्हणून देवळात टेकल्या होत्या. त्यांनी तिथेच भावाला व्हिडिओ कॉल लावला. मी सवयीनं मध्ये सांगायला गेले, तर ह्यांनी मला हातानं थांबवलं. देवीसमोर दोन पुरुष खुणांनी बोलत राहिले आणि मी पहिल्यांदाच बाजूला उभी होते.

पहिल्या सभेला ह्यांनी खोलीचं दार स्वतः लावून घेतलं. मी आमच्या छोट्या लेकीला घेऊन गच्चीवर गेले. ह्यांच्या खुणा गावाकडच्या, घरात घडलेल्या. सभेतल्या खुणा वेगळ्या, त्यामुळे सुरुवातीला अर्धं कळायचंच नाही. पण तो भाऊ परत परत, सावकाश करून दाखवायचा. तिथे बायका आहेत, एक तृतीयपंथी ताई आहे, कुणाला कुणाचं नवल वाटत नाही, असं ह्यांनी मला सांगितलं. मध्ये एका लग्नात ह्यांचा पाय घसरला, परत प्याले. माझा धीर सुटला. पण ह्यांनी घरी येऊन आपणहून त्या भावाला फोन लावला आणि पुढच्या सभेत सगळ्यांसमोर ते सांगितलं. तेव्हापासून ह्यांनी दारूला हात लावलेला नाही.

मग एका रविवारी दुपारी ह्यांनी मला समोर बसवलं. हळूहळू हात हलू लागले. लेक बोलायला लागली, तेव्हापासून तुम्ही दोघी दिवसभर गप्पा मारता, हसता. मी शेजारी असतो आणि मला काही कळत नाही. वाटलं, ह्या घरात आता माझी गरज नाही. म्हणून प्यायला लागलो.

जगाला ह्यांचं बोलणं मी सांगत होते आणि हे एवढं मलाच ठाऊक नव्हतं! आम्ही दोघंही रडलो. लेकीनं येऊन विचारलं, "बाबा काय म्हणतात?" मी म्हणाले, "त्यांनाच विचार." त्या दिवसापासून ती ह्यांच्याकडून एकेक खूण शिकते. चुकली की हे तिची बोटं धरून नीट करतात, आणि आता माझ्यापेक्षा ती भरभर बोलते.

देवीनं काय केलं आणि योगायोगानं काय झालं, ह्याचा निवाडा करणारी मी कोण? मला इतकंच कळतं की तिच्यावर सोपवणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे. ह्यांच्या मनातलं ह्यांच्याऐवजी बोलायचं, हे काम माझं नव्हतं, तेही मी प्रेमापोटी धरून ठेवलं होतं. ते तिनं माझ्याकडून काढून घेतलं आणि माझा नवरा मला परत दिला.