व्हाळापलीकडचा मतदारसंघ

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा गाव मालवण मतदारसंघात होतं. आता ते कुडाळ मतदारसंघात आहे. खासदार निवडायचा तर आधी राजापूर म्हणायचे, आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणतात. मी मात्र त्याच घरात आहे आणि न्हाणीमागचा माडही तिथेच आहे.

माझी धाकटी बहीण व्हाळाच्या पलीकडे दिली आहे. उन्हाळ्यात त्या व्हाळात घोटा बुडत नाही, पावसाळ्यात साकवावरूनच जावं लागतं. तिचं घर माझ्या अंगणातून दिसत नाही, पण त्यांच्याकडे आरती झाली की घंटा ऐकू येते. इतकं जवळ असूनही आमची भेट होत नसे. आई-वडील गेल्यावर भावाने माहेरच्या घराला कुलूप लावलं आणि तो मुंबईला राहिला. मग सणाला माहेरी जमणं संपलं. सासरहून ‘बहिणीला भेटायला जाते’ म्हणून निघायची तेव्हा पद्धत नव्हती. काय काम आहे म्हणून कुणी विचारलं, तर सांगणार काय? बहिणीकडे काही काम नसतं.

मतदानाला जाताना मात्र कुणी विचारत नसे. उलट सासूबाई सकाळीच म्हणायच्या, “जा गो, मत घालून ये. भाकऱ्यो मी भाजतंय.” वाडीतले पुरुष दारोदार फिरून बायकांना घराबाहेर काढायचे. बहिणीची वाडी दुसऱ्या गावाची, दुसऱ्या तालुक्यातली. पण त्यांच्या गावची शाळा डोंगरापलीकडे, म्हणून व्हाळाकाठची ती थोडी घरं आमच्या शाळेतल्या केंद्राला जोडलेली होती. मतदारसंघ एकच असल्यामुळे चालत होतं.

त्यामुळे मतदान हा आम्हा दोघींचा सण. ती आधी येऊन शाळेच्या पायरीजवळ थांबायची. मी आले की आम्ही एकीमागे एक रांगेत उभ्या राहायचो. रांग हळू सरकली तर इतर बायका कुरकुरायच्या, आम्हाला बरं वाटायचं. कुणी घाईत असलं की बहीण लगेच म्हणायची, “तुमी जावा फुडे, आमका घाय नाय.” असं करता करता आम्ही कधी कधी शेवटाला जायचो. मला चारचौघांत बोलता येत नाही. तीच बोलायची आणि मी ऐकायचे. उन्हाळ्यातलं मतदान असलं तर मी ओले काजूगर न्यायचे, दिवाळीच्या आसपासचं असलं तर ती नव्या भाताचे पोहे आणायची. पुढारी कोण उभे आहेत हे आम्हाला ठाऊक असायचं, मतही आपल्या मनाने द्यायचो, पण त्यावर आम्ही कधी बोललो नाही. तेवढ्यासाठी वेळ कुणाकडे होता?

मग एका वर्षी वाडीत बोलणं सुरू झालं की मालवण मतदारसंघ गेला. गेला म्हणजे काय ते मला कळेना. गाव कसं जाईल? मग आमच्या घरच्यांनी समजावलं. आमचा तालुका कुडाळला जोडला आणि व्हाळापलीकडचा कणकवलीला. म्हणजे व्हाळ आता दोन आमदारांच्या मधून वाहणार होता, खासदार तेवढा दोन्ही काठांना एकच.

“आणि तेंची मतां?” मी विचारलं.

“तेंच्या तेंच्या शाळेत. डोंगराच्या पलीकडे.”

मी आत गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. कागदावर कुणी रेघ ओढली असेल, त्याला काय माहीत की व्हाळाच्या दोन्ही काठांना कोण कोण राहतं. मला राग आला नाही. पण उद्यापासून कुठल्या निमित्ताने घराबाहेर पडायचं, हे मला सुचेना.

त्यानंतरचं पहिलं मतदान लोकसभेचं, ऐन उन्हाळ्यात. मी सवयीने काजूगर सोलले. मग वाटलं, कुणासाठी? तरी फडक्यात बांधून घेतले.

शाळेत पोचले तर बहीण रांगेत उभी. हातात केळीच्या पानाची पुडी. मला बघून हसली, जणू काही बदललंच नाही. मला वाटलं, हिला कुणी सांगितलंच नाही.

तिची पाळी जवळ आली तसा दारावरचा पोलीस चिठ्ठी मागायला लागला. तिची चिठ्ठी बघून तो म्हणाला, “बाई, तुमचं नाव इथे नाही. तुमचं केंद्र डोंगरापलीकडे. मतदारसंघ बदलला, माहीत नाही का?”

“माका सगळा म्हायत आसा,” बहीण म्हणाली. “दिल्लीत आमी दोगी एकाच घरातल्यो, मुंबयत वायल्यो झालंव.”

“मग इथे रांगेत कशाला उभ्या?”

“भयणीक भेटूक. हयसर उबी रवलंय तर कोण इचारणा नाय.”

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “रवांदे रे तिका! तुजा काय खाता?” पोलीसही हसला, पण म्हणाला, “मत न देणाऱ्यांना रांगेत उभं करता येत नाही. बाजूला थांबा.”

ती बाजूला झाली. मी मत देऊन बाहेर आले. वडाखाली बसून तिने माझ्या बोटावरची शाई बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

“आता माका थंय जावक होया,” ती म्हणाली. “कोऱ्या बोटान घरात गेलंय तर सासू इचारतली, दिसभर खंय होतंस? मगे फुडच्या येळाक सोडूचीच नाय.”

ऊन डोक्यावर आलं होतं. वाट डोंगरावरून, काजूच्या बागांतून. एकटी बाईमाणूस. तिला माझ्याकडून काही नको होतं, ती नुसती पदर खोचत होती. आणि मी, जी घरच्यांना विचारल्याशिवाय विहिरीपलीकडे जात नसे, म्हणाले, “चल. मी येतंय.”

“तू? घरात काय सांगतलंस?”

“बघूया मगे.”

आम्ही डोंगर चढलो. चढावर दम लागला की बसायचो. काजूगर तिथेच अर्धे संपले. रांगेत कधी झालं नाही इतकं बोलणं त्या वाटेवर झालं. आईच्या हातची पेज, तिच्या पोराचा खोकला, माझी पाठ. मीही बोलले. मागे-पुढे कुणी नव्हतं, म्हणून मला बोलता आलं असेल. तिच्या केंद्रावर मी बाहेर कट्ट्यावर बसले. ती बोट वर करून आली, लहानपणी बोराचा काटा लागला की दाखवायची तसं. निघताना उरलेले काजूगर मी तिला दिले आणि तिने आपली केळीच्या पानाची पुडी मला.

घरी पोचले तेव्हा सासूबाई अंगणात कुळीथ पाखडत होत्या. माझं बोट बघून म्हणाल्या, “शाय लागली. मगे येळ कित्या लागलो?”

“रांग मोठी होती.”

“हां.” सूप हलवत त्यांनी माझ्या हातातल्या पुडीकडे बघितलं. “तां केळीचा पान रांगेत गावला?”

मी खाली मान घातली. त्या पुन्हा पाखडायला लागल्या. मी आत जायला निघाले तशी मागून हाक आली, “गो, फुडच्या येळाक रिकाम्या हातान जाव नको. तिका आमचे कुळीथ व्हर.”

तेव्हापासून तसंच चाललं. आधी माझं मत, मग दोघी डोंगर चढून तिचं. सासूबाई होत्या तोवर दर वेळी कुळथाची पुरचुंडी दारात तयार असायची. आता घरी कुणाला विचारायची गरज मला नाही, बहिणीलाही नाही. पण मतदानाचा दिवस आम्ही सोडला नाही. मागच्या वेळी तिच्या गुडघ्यांमुळे फार वेळा बसावं लागलं. शेवटी तिचा मुलगा मोटरसायकल घेऊन वाटेत आला, तर त्याला तिने परत पाठवलं.

परवा सून मोबाइलवर वाचून सांगत होती की मतदारसंघ पुन्हा नव्याने आखतील. मी लगेच बहिणीला फोन लावला आणि म्हटलं, तुका खंय घालतत कोण जाणा.

“घालूंदेत खंय ता,” ती म्हणाली. “लांब घातलानी तरी चलात. फकत चढाव नको म्हणान सांग तेंका.”