एका मडक्यातली पोपटी

आमच्या पेणच्या वकिलीच्या ऑफिसात फुकट सल्ल्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी सगळ्यांत नवी होते. सर म्हणायचे, "समाजकार्य आहे, शिकायला मिळेल." शिकायला मिळालं खरं.

मी रोह्याची. रोज एसटीने नागोठण्यावरून पेणला यायचे. शिबिरं धरमतरच्या बाजूला, खाडीकाठच्या गावांत, देवळाच्या सभामंडपात भरायची. थंडीतल्या अशाच एका शिबिरात ती म्हातारी आली. खाडीचा बांध फुटून तिच्या भातशेतात खारं पाणी शिरलं होतं. कंपनीच्या बार्जांच्या लाटांनी बांध खचला, तेव्हा कंपनीनंच तो बांधून द्यावा, एवढंच तिचं म्हणणं. पुढच्या मोठ्या उधाणाआधी बांध झाला नाही, तर शेत कायमचं खाडीत जाणार होतं.

संध्याकाळी गावानं पोपटी लावली. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, उलटं मडकं आणि भोवती जाळ. म्हातारीनं वाफाळत्या शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या. "एका मडक्यातलं खाल्लंस, आता तू आमची." मग जवळ सरकून म्हणाली, "तुला म्हणून सांगतंय गो. त्या दिवशी उघाडी आमच्या म्हाताऱ्यानंच उघडी ठेवली व्हती, जिताडा यावा म्हणून. कुणाला ठाव नाय."

उघाडी म्हणजे बांधातली पाण्याची दारं; भरतीला ती बंद ठेवायची असतात, उघडी राहिली तर पाण्याबरोबर जिताडा मासाही आत येतो. बांध त्यानं फुटला असेल किंवा नसेल, पण दावा बुडवायला एवढं पुरेसं होतं. वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलापाशीच राहते, फुकट सल्ल्यातही. मी तिला तसा शब्द दिला.

सोमवारी ऑफिसात कळलं, ती कंपनी आमचीच जुनी अशील. म्हातारीला मी दुसऱ्या वकिलाकडे पाठवलं. सरांनी कंपनीचं काम घेतलं आणि फायली सांभाळायला मलाच बसवलं.

"मला या केसमध्ये नको, सर."

"का गं?"

त्या 'का'चं खरं उत्तर दिलं असतं तर म्हातारी बुडाली असती. "ती शिबिरात भेटली होती," एवढंच मी म्हटलं. सर हसले. "शिबिरात अख्खा तालुका भेटतो." असा राग आला होता की फायली खिडकीबाहेर फेकाव्यात. पण नोकरी नवी होती आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्यावाचून इलाज नव्हता.

साक्षीच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली, आणि सरांशेजारी बसलेली मी तिला दिसले. आधी तिचा चेहरा खुलला. आपलं माणूस दिसल्यासारखा.

सरांनी अशा दाव्यात सगळ्यांनाच विचारतात तो प्रश्न विचारला. "भरतीच्या वेळी उघाडी बंद होती ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मान हलवली तर इशारा, डोळ्यांत पाहिलं तरी इशाराच. मी फायलीत डोकं घातलं.

"नाय साहेब," ती म्हणाली. "उघडी व्हती. तुमच्या बाईला सगलं ठाव हाय."

सर चकित होऊन माझ्याकडे वळले. दाव्याचा निकाल तिथेच लागल्यात जमा होता.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. "आजी, देवाशपथ, मी नाही सांगितलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला नीट न्याहाळलं.

"मंग खाली का बघितलंस गो?"