भट्टीच्या तोंडाशी

उमरग्यात हायवेला आमच्या बेकरीचं दुसरं दुकान उघडायचं ठरलं, तेव्हा दादानं भिंतीवर लावायला बेकरीचा इतिहास लिहून मागितला. बाबा गेल्यापासून धंदा तोच बघतो. बाबा हैदराबादला काम शिकले, गावी येऊन आईबरोबर त्यांनी स्वतःची भट्टी घातली, एवढंच त्याला हवं होतं. मी पुढचंही लिहिलं.

आमच्याकडं दिवाळीत बायका घरचा मैदा, साखर, तूप आणून बेकरीतून नानकटाई करून नेतात. पीठ बेकरीवालेच मळतात. आमच्या पहिल्या दिवाळीला मात्र काही जणी पीठ घरीच मळून, ट्रे भरून आल्या. आम्ही बौद्ध. आमचा हात लागू नये म्हणून ट्रेही त्याच आत सरकवणार होत्या. आई भट्टीच्या तोंडाशी उभी राहिली.

"हात आमचा चालत नसंल, तर भट्टी बी आमचीच हाय, ताई."

त्या ट्रे उचलून निघून गेल्या.

दादानं वाचलं. "बाई, हा बेकरीचा फलक हाय, पत्रक न्हाय. 'जातीच्या छाताडावर पेटलेली भट्टी'! लोकं पाव घ्यायला येणार का भाषण ऐकायला?"

"खोटं काय आहे त्यात?"

"त्या बाया आज आपलं गिऱ्हाईक हायत. त्यांच्या सुना बी."

आई शेजारी टोस्ट पिशव्यांत भरत होती. "मोठ्यानं वाच की," म्हणाली. मी वाचलं. 'निर्भय' या शब्दाला तिनं मला थांबवलं.

"कोण निर्भय? पाय लटलट कापत होते माझे. सणाचं गिऱ्हाईक घालवलं म्हणून मागं जाऊन रडले. तुझे बाबा दिवसभर बोलले न्हाईत. संध्याकाळी त्यातलीच एक मैदा-तूप घेऊन आली, मळून द्या म्हणाली, तवा कुठं च्या घेतला आमी."

ही गोष्ट मी कितीदा तावातावानं सांगितली होती. तिच्यात आई कधी रडली नव्हती.

"ते लिही," आई म्हणाली. "रडलेलं बी, परत आलेली बी. नाव कुणाचं नको. न्हाय जमलं तर मला बी काढून टाक."

मी छाताड काढलं, निर्भय काढलं. बाकी सगळं ठेवलं. दादानं दोनदा वाचलं. फलक आत, गल्ल्याच्या मागं लागायचा होता. खिळे ठोकणारा तिकडं निघाला, तसं दादानं त्याला थांबवलं.

"तिथं न्हाय. दाराशी लाव, येताना दिसंल असा."