हेल्वी कोर्पेलाची लपवलेली वाट

हेल्वी कोर्पेलाने आमच्या गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि जवळपास तेवढीच वर्षं एक तळं लपवलं.

नकाशात या तळ्याला नाव नाही. हेल्वी त्याला कुइका म्हणते. तिच्या आईवडिलांच्या फिनिश भाषेत लून या पाणपक्ष्याला हा शब्द आहे, आणि लूनची एक जोडी दर उन्हाळ्यात तिथे पिल्लं वाढवते. मोठ्या तळ्यावरून कुइकाला जायचं तर होडी उलटी करून डोक्यावर घ्यायची आणि सव्वा किलोमीटर जंगलातून चालायचं. ही पायवाट रेमंड शेबागाबोच्या पणजोबांच्याही आधीची आहे. रेमंड म्हणजे हेल्वीच्या होडीत चाळीस वर्षं मागे बसून वल्हं मारणारा, आणि तिचं बोलणं ऐकणारा.

एका वर्षी लूनचं घरटं मासेमारीच्या दोऱ्यात गुंडाळलेलं सापडलं. त्या दिवसापासून हेल्वीने वाट बुजवायला घेतली. वाटेच्या तोंडाशी तिने पडलेला ओंडका आडवा लोटला, त्यावर शेवाळ अंथरलं. झाडांवर जुन्या माणसांनी कुऱ्हाडीने केलेल्या खुणा चिखलाने लिंपल्या. चुलीचे दगड पाण्यात फेकले. दरवेळी वेगळ्या खडकावरून उतरायचं, म्हणजे गवत दबत नाही, हा तिचा नियम. तिच्या मते वाट फक्त तिला आणि रेमंडला ठाऊक होती.

आणखी एक सांगायला हवं. डोक्यावर होडी असली की माणसाला स्वतःचे पाय आणि पुढची चार पावलं एवढंच दिसतं. अशा वाटांवर बाकीची मंडळी अर्ध्यात होडी उतरवून दम खातात. एकाहत्तराव्या वर्षीही हेल्वी थांबत नाही. "दम लागत असेल त्याने बसने यावं," ती म्हणते.

गेल्या वसंतात लाकूडतोड कंपनीचा आराखडा आला. ट्रकचा रस्ता थेट या वाटेवरून, कुइकाच्या काठापर्यंत. आराखड्यात एक पळवाट होती: होडीवाल्यांच्या वापरातल्या वाटेच्या दोन्ही बाजूंची झाडं तोडता येणार नव्हती. मोडलेल्या वाटेला मात्र काही संरक्षण नव्हतं. वाट वापरात आहे की नाही, हे ठरवायला जूनमध्ये मेगन प्रोकोपचुक नावाच्या तरुण सरकारी अधिकारी बाई आल्या.

हेल्वीने आदल्या दिवशी वेलची घातलेला पाव भाजला. मोठं तळं ओलांडेपर्यंत मेगनने तीन तुकडे खाल्ले. मग तिघं काठावर उतरली आणि वाटेचं तोंड सापडेना.

"इथेच होतं," हेल्वी म्हणाली.

"हे तू चौथ्यांदा म्हणतेयस," रेमंड म्हणाला.

"तू गप्प बस. मिनिटभरात सापडेल."

अर्धा तास झाला. काळ्या माश्यांनी मेगनच्या जाळीच्या टोपीत शिरायची जागा शोधून काढली होती. "मिसेस कोर्पेला, ज्यांनी वाट दाखवायची त्यांनाच ती सापडत नाही, तर मी काय लिहू?"

"लिही की फार चांगली राखली आहे."

रेमंडने मान खाजवली. "त्या वाकड्या सीडरच्या झाडामागे बघ बरं."

ओंडका तिथे होता. पण एक नव्हे, दोन. शेवाळही हेल्वीने लावलं होतं त्यापेक्षा दाट.

"एवढं छान मी केलं नव्हतं," ती म्हणाली. रेमंडने घाईने होडी डोक्यावर घेतली आणि पुढे निघाला.

वाटेत मेगन एकेक रकाना भरत गेली. "झाडांवर खुणा?"

"होत्या. मी लिंपल्या."

"चुलीची जागा?"

"मी मोडली."

"टाकलेला कचरा वगैरे?"

"माझ्या वाटेवर कचरा?" हेल्वी थांबलीच. "कोण टाकेल, हात तोडीन त्याचे!"

"मिसेस कोर्पेला, तुम्ही कंपनीसाठी काम करता का?"

  हेल्वीला तेव्हा कळलं की लूनचं तळं ती स्वतःच्या हाताने कंपनीला देते आहे.

एवढ्यात पुढे चाललेला रेमंड डावीकडे वळला. मोठ्या खडकाला वळसा घालून त्याने वीसेक पावलं टाकली आणि होडी एका आडव्या बल्लीवर अलगद टेकवली. होडीखालून वाकून बाहेर आला, घाम पुसला, आणि दोन्ही बायकांचे चेहरे पाहिल्यावर आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. हे त्याच्याकडून सवयीने झालं होतं.

दम खाताना होडी टेकवायला ही बल्ली दोन झाडांना बांधलेली होती. होड्या घासून तिच्यावर लाल, हिरवा, निळा रंग बसला होता. शेजारच्या पोकळ झाडात बिस्किटांचा डबा होता आणि डब्यात वही. पहिल्या पानावर रेमंडच्या अक्षरात लिहिलं होतं: हेल्वीला सांगू नका.

हेल्वीने वही उभ्यानेच वाचली. तिचा दातांचा डॉक्टर. चर्चमधले पाद्री, सहा वेळा. तिच्या बसमधली मुलं, मग त्या मुलांची मुलं. तिची सख्खी नणंद एइला. दोन वेळा मीही.

"एइला?" हेल्वी म्हणाली. "तिला तर पोहता पण येत नाही!"

"मीच आणलं होतं. पुढे बसवून," रेमंड जमिनीकडे बघत म्हणाला. "पण सगळ्यांना तुझे नियम लावले हं. वेगळा खडक, ओंडका परत जागेवर, घरट्याच्या बाजूला जायचं नाही. एकानेही मोडले नाहीत."

"का?"

"तुला घाबरतात."

मेगनने वहीच्या पानांचे फोटो काढले. मग अर्ज पुढे केला. वाट नियमित वापरात आहे, असं जाणकार व्यक्तीने स्वतः लिहून सही करायची होती. हेल्वीने ते वाक्य लिहिलं. पेन कागदातून आरपार गेलं.

परततानाही होडी रेमंडनेच घेतली, ती डोक्यावर असली की ऐकू कमी येतं म्हणून. हेल्वी मागून मोठं तळं येईपर्यंत बोलत होती.

ट्रकचा रस्ता पश्चिमेकडे सरकला. ऑगस्टमध्ये मी कुइकाला गेलो तेव्हा लूनचं एक पिल्लू आईच्या पाठीवर बसून फिरत होतं. अर्ध्या वाटेत दम खायला थांबलो, वही काढली. पहिल्या पानावरची ओळ खोडलेली होती. तिच्याखाली हेल्वीने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: दुसरा ओंडका नीट बसत नाही. जाताना सरळ करा.

मी केला.